कोणी उठेपर्यंत

त्यानं आमचं नाटक उधळलं आणि माझ्या नवऱ्याचं मनगट मुरगळलं. आमची ओळख झाली ती अशी.

नवरा म्हणजे नाटकातला. एरवी मुंगीलाही वाट देणारा पोरगा. पण आमच्या पथकाची पद्धतच तशी होती. साध्या कपड्यांत कॅन्टीनमध्ये जायचं, दोघांनी भांडण काढायचं, त्यानं माझा हात पिरगाळून मला दाराकडे ओढायचं, आणि कोण उठतंय ते बघायचं. नाटक आहे हे सांगायचं नाही. कोणी उठत नसे. आपला चहा सांडू नये एवढीच लोकांना काळजी. मग मास्तरीण टेबलावर चढायची. नाटक लिहिणारी तीच, बसवणारी तीच. "बघितलंत ना? मग गप्प का बसलात?"

त्या दिवशी ती चढायच्या आतच पांढऱ्या एप्रनातला एक लंबूटांग उठला. "सोड तिला," म्हणाला, आणि सोडायची वाटही न बघता नवऱ्याला खाली लोळवला.

"अहो, नाटक आहे!" मी ओरडले.

"कोणाचं?"

"आमचं!"

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर उठला असतात?"

तो खाली वाकला. मग फतकल मारून नवऱ्याच्या मनगटाला बर्फ लावू लागला. "घाबरू नका, मी डॉक्टर आहे."

"कसले?"

"...दातांचा."

मला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

खरं सांगते, मी तेव्हा पार थकले होते. आमच्या कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका मुलीनं खेळाच्या सरांविरुद्ध तक्रार केली, तर कॉलेजनं चौकशी करायची सोडून तिलाच घरी पाठवलं. म्हणून आम्ही प्राचार्यांच्या कचेरीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. चौकशी समिती नेमा, एवढंच मागणं. रोज घोषणा, रोज नाटकाचा खेळ, रोज तेच कोपर सोलून निघणार. सतत संतापून संतापाचाही कंटाळा येतो. हे कोणी आधी सांगत नाही.

"नवरा तू मोडलास," मास्तरीण दातवाल्याला म्हणाली. "आता नवरा तूच."

"मला अभिनय येत नाही हो."

"ओढता येतं ना? बास."

तो दवाखाना आटोपून तालमीला यायचा. हाताला लवंगेच्या तेलाचा वास. पहिल्या दिवशी त्यानं माझं मनगट असं धरलं, जसं काही पाखराचं पिल्लू.

"नाडी बघताय का?" मी म्हटलं. "ओढा."

"दुखेल तुम्हाला."

"आधी ते 'तुम्हाला' सोड. आणि ओढ."

मग त्यानं ओढलं. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. जबडा आवळला. माझ्या पाठीतून सर्रकन गार काहीतरी गेलं... आणि त्यानं लगेच हात सोडला.

"कुठं शिकलास हे?"

"घरी," तो म्हणाला. "बाबांकडून. आई अजून तिथंच आहे." मग लांब उडालेली माझी चप्पल त्यानं उचलली, माझ्या पायाशी सरळ करून ठेवली आणि दुसरीकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. जरा जास्तच वेळ.

कचेरीसमोरच्या खेळात मात्र लोकांना आधी सांगायचो. ज्याला वाटेल त्यानं उठावं, नवऱ्याला अडवावं. कोणी उठेपर्यंत खेळ थांबणार नाही.

एके दिवशी बरीच गर्दी होती. त्यानं मला पायऱ्यांवरून ओढलं. कोणी उठेना. अजून ओढलं. कोणी नाही. आणि मधेच हात सोडून तो ओरडला, "अडवा ना मला कोणीतरी!" मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडायला लागला.

आता सगळे उठले! कोणी पाण्याची बाटली पुढे केली, कोणी पाठीवरून हात फिरवला. "बिचारा." टाळ्यासुद्धा झाल्या. मी पायरीवर पडले होते तशीच. कोपरातून रक्त येत होतं.

मी उठून कचेरीमागं पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसले. थोड्या वेळानं तो आला.

"चुकलं माझं."

"रडलास ते नाही चुकलं. ते खरं होतं. पण खेळ त्या घरी पाठवलेल्या पोरीचा होता. लोक उठले ते तुझ्यासाठी. पाणी तुला मिळालं."

त्यानं तोंड उघडलं. आता 'पण' येणार, मला वाटलं. पुरुषांच्या खिशात एक 'पण' कायम तयार असतो.

"हो," तो म्हणाला. "मीही तुला उचललं नाही."

'पण' आलाच नाही.

"उद्यापासून मी नवरा होत नाही," तो म्हणाला.

"नकोच होऊस. गर्दीत बस. आणि कोणी उठलं नाही तरी तू उठू नकोस. तू उठतोस हे कळलंय आम्हाला. बाकीच्यांचं बघायचंय."

"बरं. आणि... तुझ्याशी बोलायचं असेल तर? म्हणजे मला... तू... हे बघ, लोकांची तोंडं उघडी ठेवायची सवय मला. स्वतःचं उघडलं की असं होतं."

"आवडतोस मला," मी म्हटलं. "घे, सुटलास. पण आज माझ्यात प्रेमाबिमाची ताकद नाही. विचारू नकोस काही, समजूत घालू नकोस. नुसता बस."

तो बसला. मधे हातभर जागा सोडून. ती मीच सरकून भरून काढली.

पायऱ्यांकडून घोषणा येत होत्या. पोरींचे आवाज बसले होते, तरी चालूच. समिती नेमली नव्हती. उद्या पुन्हा तेच. लहानपणी आमच्या घरात बाप असला की मी आणि आई झोपायचो नाही. नुसत्या पडून राहायचो, कान दाराकडे लावून. मोठी झाले तरी पुरुष जवळ असताना माझा डोळा कधी लागला नव्हता.

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"कोणी आलं तर?" त्यानं हळूच विचारलं.

"येऊ दे. मला उठवू नकोस."

आणि भर दुपारी, त्या सगळ्या आरडाओरड्यात, मला गाढ झोप लागली.