सुभानराव बारवेत उतरतो

रविवारी दुपारी जाई कोपऱ्यावर भेळ बांधून घेत होती, तेव्हा भेळवाल्यानं नेहमीचाच प्रश्न केला, "आज बी जुगार हाय का, मॅडम?"

"जुगार तुमच्या पारावर चालतो. आमच्याकडं गोष्ट असते," जाई म्हणाली आणि पुडा उचलून निघाली.

मुरुम गावात फासा दिसला की जुगार आणि दार लोटलेलं दिसलं की भानामती. तिसरं काही सुचायची तिथल्या शहाण्यांना सवयच नाही. भुसार दुकानावरच्या पत्र्याच्या खोलीत चालायचं ते अगदी साधं होतं. जाई गोष्ट सांगायची, बाकीचे त्यातली माणसं व्हायचे, आणि पुढं काय घडेल हे कुणालाच सांगता येणार नाही अशा जागी वीस बाजूंचा फासा पडायचा. वीस म्हणजे फत्ते, एक म्हणजे घात. पडलेला आकडा फिरवायचा नाही, यावर जाई कुणाशीही भांडायची. मरणाची भीतीच नसेल तर शौर्य कसलं, असं तिचं म्हणणं.

हरिबा हे एसटीचे निवृत्त कंडक्टर. सहा वर्षांपूर्वी हा अड्डा मोडायला म्हणून ते जिना चढून आले आणि तलवारबहाद्दर सुभानराव होऊन बसले ते बसलेच. मधल्या काळात बायको गेली, मागच्या दिवाळीत छाती उघडून शस्त्रक्रिया झाली, पण रविवार कधी चुकला नाही. अलीकडं मात्र ते हसत हसत एक वाक्य बोलायचे आणि ते जाईच्या काळजात रुतून बसलं होतं. "सुभानराव हाय तवर आमी हाय. त्यो गेला की आमचं बी तिकीट फाटलं."

त्या दुपारी वीज गेली होती. वरचा पत्रा तापून कडकडत होता. गोष्टीतला सुभानराव एका जुन्या, ओसाड बारवेच्या पायऱ्या उतरत होता.

"काका, नका उतरू," निकिता म्हणाली. ती फार्मसीला होती, जिभेची तिखट. "तुमचे गुडघे आठवा."

"गुडघे माझे दुखत्यात. सुभानरावाचे न्हाय."

पायरी निखळली. सुभानराव पाण्यात गेला. बुडणाऱ्याला आपलं काय होतंय ते कळत नाही, म्हणून असा फासा जाई पुठ्ठ्याच्या आडोशामागं स्वतः टाकायची. तिनं टाकला.

एक.

तिनं वर पाहिलं. हरिबा हसत नव्हते. त्यांचा उजवा तळवा छातीवर होता आणि ओठ काळपट पडले होते.

"चौदा," जाई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पडलेला आकडा फिरवला. "पायरीची कड हाताला लागली. वाचलात, काका."

निकितानं टाळी वाजवली. ती एकटीच वाजली.

खालून येणारा तूरडाळीचा वास हळूहळू मागं सरला. त्या जागी ओला, शेवाळी, पारव्यांच्या विष्ठेचा वास आला, कधीच ऊन न पोचलेल्या पाण्याचा. कुठंतरी थेंब टपकत होते. नळाला आठवडाभर पाणी नव्हतं.

"जाई..." हरिबा हळूच म्हणाले. "कड न्हाय ही. हात हाय."

"कुणाचा हात?"

"तूच सांग की. गोष्ट तुजी हाय."

त्यांचा डावा हात टेबलावर होता, काहीतरी धरल्यासारखा अर्धा मिटलेला. बाही कोपरापर्यंत भिजली होती आणि तिच्यातून पाणी निथळत होतं. नखांत हिरवं शेवाळ. पंजाच्या पाठीवर चार खळगे पडले होते, पांढरेफटक, खोल... बोटांनी दाबून धरल्यावर पडतात तसे.

"लई गार हाय. सोड म्हणलं तरी सोडंना."

"ताई, थांबवा ना खेळ," निकिता कुजबुजली.

खरा आकडा सांगितला असता तर हात सुटला असता. ते जाईला पक्कं ठाऊक होतं. कसं, ते विचारू नका. पण हात सुटल्यावर खाली पाणीच होतं.

"काका... तो वर ओढतोय, की खाली?"

हरिबांनी मान कलती करून कानोसा घेतला.

"आजून ठरवलं न्हाय त्यानं."

जाईनं तो आकडा गिळला. "सुभानराव वर आला," ती घाईघाईनं म्हणाली. "धडधाकट वर आला. आजचा खेळ संपला."

हरिबांनी लांब श्वास घेतला. ओठांवर रंग परतला. ते उठले, पाय ठाम होते. "चला, आलो म्हणायचं वर," ते म्हणाले आणि जिन्याकडं निघाले. डावा हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता.

जाई दारापर्यंत धावली. जिना जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा. हरिबा भिंतीला खांदा घासत उतरत होते, शेजारी जागा सोडून. वळणावर ते थांबले आणि त्या रिकाम्या जागेकडं बघून मायेनं म्हणाले,

"जपून हां. हितली पायरी जरा उंच हाय."