कार्डावरचा नंबर

"हलवू नका तिला!"

दारातून एवढा मोठा आवाज आला की मी वाकलेली तशीच राहिले. आमच्या छापखान्याची मनी रोज सकाळी पांढऱ्याशुभ्र कागदाच्या गठ्ठ्यावर चढून बसते आणि मी रोज तिला खाली उतरवते. त्या दिवशी मात्र दारात गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक उंच प्राणी गुडघ्यावर बसला होता.

"ऊन बरोबर तिच्या मिशीवर आलंय," तो कुजबुजला. "दोन मिनिटं... प्लीज."

दोनाची दहा झाली. माझी कंबर धरली, मनीने दोनदा जांभई दिली, तेव्हा कुठे तो उठला. मग त्याचं लक्ष दारावरच्या पाटीकडे गेलं.

"तुम्ही कार्डं छापता?"

"नाही, मांजरं पाळतो," मी कंबर चोळत म्हटलं. "कसलं कार्ड हवंय?"

त्याला व्हिजिटिंग कार्ड हवं होतं. स्टुडिओतली नोकरी सोडून तो आता स्वतःच्या जिवावर फोटो काढणार होता. घरच्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली होती आणि त्यातले दोन संपले होते. उरलेल्या एकात जम बसला नाही, तर दुसऱ्या गावी दादाच्या फरशांच्या दुकानात बसायचं. "दादाने माझ्यासाठी स्टूलसुद्धा आणून ठेवलंय," असं सांगताना तो हसला खरा, पण हाताने कॅमेऱ्याचा पट्टा घट्ट धरला होता.

मी जीव ओतून कार्ड केलं. भरपूर मोकळी जागा, कोपऱ्यात बारीक रेघांत फक्त मनीची मिशी, खाली नाव, 'फोटोग्राफर' आणि फोन नंबर. आता बाबांची एक पद्धत आहे. नमुन्याच्या प्रूफमध्ये नंबराच्या जागी नुसती शून्यं टाकायची नाहीत, कारण शून्यं गुबगुबीत असतात आणि जागेचा अंदाज चुकतो. म्हणून गिऱ्हाइकाचा नंबर येईपर्यंत मी माझाच टाकते. नंतर बदलते. नेहमी, न चुकता बदलते!

दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर प्रूफ ठेवलं. भिंतीवर बाबांच्या हातची पाटी आहे: 'सही झाल्यावर तक्रार चालणार नाही.' त्याने कागद खिडकीपाशी नेला, तिरका धरला, डोळे बारीक केले.

"पांढरा काय सुरेख आलाय... आणि ही मिशी!" तो माझ्याकडे बघून हसला. हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडतात. मी त्या बघत होते, तो मिशी बघत होता. नंबर कोणीच बघितला नाही. त्याने झोकात सही ठोकली.

पाचशे कार्डं छापली आणि फुलांच्या प्रदर्शनात त्याने ती दोन दिवसांत वाटून टाकली.

त्यानंतर माझा फोन वाजायला लागला.

"आमच्या जुळ्यांचे फोटो काढाल का?" एका बाईंनी विचारलं.

"राँग नंबर!" मी खेकसले.

मला वाटलं, हा मामेभावाचा चावटपणा. त्याला आवाज बदलून लोकांचा जीव खाण्याची खोड आहे. मग एका बेकरीवाल्याला पावांचे फोटो हवे होते. "पाव काय, आरशात बघतात का स्वतःला?" म्हणून मी फोन आपटला. एका आजोबांना चांगला दिसणारा फोटो हवा होता. त्यांना म्हटलं, "आजोबा, नंबर चुकलाय. आणि चांगलं दिसायचंच असेल तर जरा हसा."

नवव्या दिवशी तो आला. मनीने शेपटी हलवली तरी त्याने कॅमेरा उचलला नाही.

"निरोप घ्यायला आलोय," तो म्हणाला. "एकही फोन नाही हो आला. पाचशे माणसांत एकालाही फोटो नको असेल? पुढच्या आठवड्यात जातो दादाकडे... कार्ड मात्र झकास झालं होतं."

मी सहज खणातून त्याच्या सहीचं प्रूफ काढलं आणि नंबर वाचला. तो नंबर माझा होता.

"तुम्हाला..." मी प्रूफ टेबलावर ठेवलं. "तुम्हाला जुळी मुलं आवडतात का?"

"अं?"

"फोटो काढायला. आणि पाव? आणि एक आजोबा?"

मग मी सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरत गेला.

"आणि तुम्ही त्या लोकांना... काय सांगितलंत?"

"जसंच्या तसं सांगू?"

सांगितलं. पावांपर्यंत आले तेव्हा त्याने डोकं धरलं. मग त्याची नजर भिंतीवरच्या पाटीवर गेली, मग प्रूफवरच्या स्वतःच्या सहीवर... आणि तो मटकन स्टुलावर बसून हसायलाच लागला. मला रडू येत होतं, आणि हा हसत होता! त्याच क्षणी मी त्याच्यात पुरती अडकले. पण ते तेव्हा कोणाला सांगणार?

त्या दुपारी मी सोळा लोकांना परत फोन लावले.

"तुम्हीच ना त्या खेकसणाऱ्या?" जुळ्यांच्या आईने विचारलं.

"हो, मीच. चूक झाली."

"फोटोग्राफरही असेच खेकसतात का?"

"छे हो! फार गोड बोलतात." समोर बसलेल्या गोड माणसाचे कान लाल झाले.

सोळांतले अकरा परत वळले. आजोबा तर म्हणाले, तुमचं ऐकून आरशासमोर हसून बघितलं, फरक पडतो. वाटलेली कार्डं काही परत येणार नव्हती, त्यामुळे फोन मलाच येत राहिले. रोज संध्याकाळी तो यायचा, मी कामांची चिठ्ठी त्याच्या हातात ठेवायची. चहा व्हायचा. चिठ्ठी चार ओळींची आणि चहा तासाभराचा.

खरा नंबर घातलेलं नवं कार्ड मी दुसऱ्याच दिवशी तयार केलं होतं. पण त्याला अक्षरं जरा बारीक वाटली. मग जाड वाटली. मग मिशी डावीकडे झुकल्यासारखी वाटली. मीही काही कमी नव्हते. कधी कागद आला नाही म्हणायची, कधी कटिंगच्या यंत्राचं पातं बोथट झालं म्हणायची. कार्ड छापलं की चिठ्ठ्या बंद, हे दोघांनाही पक्कं माहीत होतं, आणि दोघंही त्यावर अवाक्षर काढत नव्हतो. सातव्या प्रूफला आम्ही अहो-जाहोवरून अरे-तुरेवर आलो. अकराव्याला त्याने सांगितलं, "दादाला कळवलं, स्टुलावर दुसऱ्या कोणाला तरी बसव." चौदाव्याला बाबांचा संयम सुटला.

"अख्खं पुस्तक तीन प्रुफांत होतं! चार ओळींच्या कार्डाला चौदा? आज सही झाली नाही तर फाइलच पुसून टाकतो." एवढं बोलून ते यंत्रामागे गेले.

त्याने कार्ड वर-खाली, उलटसुलट बघितलं. खोट काढायला काही उरलंच नव्हतं.

"नंबर बरोबर आहे," तो हळूच म्हणाला आणि सही केली. मला एकदम सगळा छापखाना रिकामा वाटला.

तासाभराने गरम गरम गठ्ठा आला. त्याने वरचं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं.

"हे तुला."

"मला कशाला? पाठ आहे मला."

"पाठ आहे, पण कामाशिवाय या नंबरवर तुझा फोन कधी आलाय?"

मी कार्ड घेतलं. त्याच्यापासून तीन पावलांवर, कागदाच्या गठ्ठ्याआड उभी राहून मी नंबर लावला. त्याचा फोन वाजला.

"हॅलो, फोटोग्राफर बोलतोय."

"एक... फोटो काढायचा होता."

"कोणाचा?"

"दोघांचा," मी डोळे घट्ट मिटून म्हटलं. "एक मी. आणि एक... मला जो खूप आवडतो, तो."

मग त्याने खेकसून सांगितलं, "राँग नंबर!" आणि फोन ठेवला.

मी गठ्ठ्याआडून डोकं काढलं तर हा पोट धरून हसत होता.

"नऊ दिवस माझ्या गिऱ्हाइकांना हेच ऐकवलंस. म्हटलं, कसं वाटतं ते एकदा तुलाही कळू दे!" मग हसणं थांबवून तो जवळ आला. "मलाही तू आवडतेस. पहिल्या दिवसापासून. मिशीवरचं ऊन दोन मिनिटांतच गेलं होतं... पुढची आठ मिनिटं मी वाकलेल्या तुलाच बघत होतो."

"माझी कंबर मोडली त्यात!"

"आयुष्यभर चोळून देईन."

यंत्राचा आवाज कधी थांबला होता, कळलंच नाही. आतून बाबा ओरडले, "अगं, तोंडी काय बोलत बसलीस? आधी सही घे त्याची! नंतर तक्रार नको."

मी टेबलावरचं पेन उचललं आणि माझा तळवा त्याच्यापुढे धरला. त्याने पेन उघडलं, पण सही करायची घाई केली नाही. या खेपेला तो आधी नीट, एकेक गोष्ट तपासल्यासारखा, माझ्याकडे बघत राहिला.