वाक्य खरं पाहिजे

सांगलीच्या विश्रामबागेतल्या अभ्यासिकेत शेजारचा मुलगा मोठ्यानं इंग्रजी शब्द पाठ करत होता. बाहेर पाऊस, आत हा. तिसऱ्यांदा ‘टेनेशस म्हणजे चिवट’ ऐकल्यावर मी वळले.

“मनात वाच की.”

“मनात ठेवलं की मनातच राहतंय,” तो म्हणाला, आणि असा हसला की मला भांडताच येईना.

तो आर्जव, सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. मी राजनंदिनी, फलटणची, ऊसवाल्या फौजी घरातली. त्याला बँकेची परीक्षा द्यायची होती, मला सैन्यात अधिकारी होण्याची. दोघांचंही घोडं इंग्रजीपाशी पेंड खात होतं.

मग खेळ ठरला. रोज एक अवघड शब्द, आणि तो वापरून एक वाक्य. अट माझी... वाक्य खरं पाहिजे.

“आमच्या मेसची आमटी इन्सिपिड हाय, म्हंजी बेचव,” मी म्हणायचे.

“तुझे डोळे...” तो सुरू करायचा, थांबायचा, आणि दिवस मावळायला आला म्हणून उठायचा. त्यांच्या जैन घरी अंधार पडल्यावर कुणी जेवत नाही. मला लय राग यायचा – आणि उद्याची वाटही मीच बघायचे.

पाऊस सरता सरता आबांचा फोन आला. मला बघायला पाहुणे येणार होते. लग्न झालं की ही परीक्षा देता येत नाही, हे सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या बापाला पक्कं ठाऊक होतं.

फलटणला घरी पोहे झाले. मुलाचे मामा म्हणाले, “शिकल्याली हाय म्हणता, तर इंग्लिशमधी एखादं वाक्य बोल की.”

काकीनं ‘आय लव्ह कुकिंग’ घोटून घेतलं होतं. पण ते खरं नव्हतं.

“आय ॲम ॲडमंट,” मी म्हणाले.

“म्हंजी?”

“म्हंजी मी हटणार न्हाई. परीक्षा देणार. आत्ता लग्न करणार न्हाई.”

पाहुणे उठून गेले. आबा भडकले. “कुणाच्या जिवावर एवढं बोलतीस गं?”

“तुमच्याच. माघार घ्यायची न्हाई, हे तुमीच शिकवलंय.”

आबांनी तोंड फिरवलं, पण मी पिशवी उचलली तेव्हा अडवलं नाही. एसटीतून आर्जवला एवढंच कळवलं, आजचं वाक्य झालं, येतेय.

सांगलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा दिवस मावळून गेला होता. तो तिथंच उभा होता.

“जेवलास?”

“न्हाई. आता उद्याच.”

सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, “परीक्षा, मग ट्रेनिंग... तोवर लग्न नाही. नंतर दोन्ही घरांशी भांडण. थांबशील?”

“आज थांबलोय की.”

“तसं नाही. वाक्य पाहिजे.”

त्याला एवढे शब्द पाठ, पण एकही आठवेना.

“मराठीत चालंल?”

“खरं असेल तर चालेल.”

“मला तू लय आवडतीस. म्हणशील तितकं थांबतो.” भर स्टँडवर, चांगलं मोठ्यानं.

“हळू की,” मी म्हणाले.

“मनात ठेवलं की मनातच राहतंय.”

माणसं वळून बघायला लागली. बघू देत.

“परत म्हण,” मी म्हणाले.