ओळंबा जिथे थांबतो

मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात उभी राहिले की माझा आवाज कुठल्यातरी बाकाखाली जाऊन बसायचा. मग वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आले आणि तेव्हापासून मला गप्प करणं कुणाला जमलेलं नाही. आबा म्हणतात, नळ सुरू झालाय, तोटी सापडत नाही.

आबा म्हणजे माझे वडील, योगराज मिस्तरी. आमच्या तालुक्यात कुणाची भिंत सरळ आली की लोक म्हणतात, योगराजच्या हातची दिसते. थापी, गुण्या आणि ओळंबा एवढीच त्यांची इस्टेट. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. ते लोंबकळू द्यायचं, डोलायचं थांबलं की दोरीशी भिंत ताडून बघायची. वजन आपणहून लवकर थांबत नाही, म्हणून आबा खाली वाकून त्याला एका बोटाने हलकेच अडवतात, झोपाळ्यातल्या बाळाला अडवावं तसं.

दिवाळीनंतर आबांना नरडाणा स्टेशनजवळ निर्मलकुमार शेठच्या नव्या गोडाऊनचं काम मिळालं. कापसाच्या गाठी ठेवायचं गोडाऊन. शेठची मुलगी हिना माझ्याच वर्गात, दहावी ब मध्ये, त्यामुळे दर रविवारी मी आबांचा डबा घेऊन जायचे आणि हिनाबरोबर गप्पा मारत रेतीच्या ढिगावर बसायचे. हिनाच्या आजी, म्हणजे दादीसा, सुगनबाई, खुर्ची टाकून तिथेच बसलेल्या असायच्या. हातात माळ, लक्ष सगळं कामावर.

पहिली भिंत बारा फुटांची झाली आणि त्याच दिवशी स्टेशनवरचा चहावाला म्हणाला, "मिस्तरी, ही पश्चिमेला झुकली ना."

आबांनी ओळंबा लावला. दोरी भिंतीला तंतोतंत.

"भिंत सरळ शे," आबा म्हणाले. "तुन्हा डोळा वाकडा शे."

पण चहावाल्याचा डोळा वाकडा नव्हता. मी स्वतः फलाटावर गेले. फलाटावरून ती भिंत कडेने दिसते. हातात ओळंबा धरून दोरीशेजारी भिंत पाहिली, तर वरच्या टोकाला चार बोटं फरक. तोच ओळंबा घेऊन भिंतीजवळ आले, तर फरक शून्य.

आबांनी भिंत पाडली आणि पुन्हा बांधली. डोळ्यापेक्षा ओळंब्यावर विश्वास ठेवायचा हे ते वयाच्या चौदाव्या वर्षी शिकले होते, आणि त्याच विश्वासाने त्यांनी दुसरी भिंतही अगदी तितकीच तिरकी बांधली. शेठ भला माणूस, पण त्यांचाही धीर सुटला. म्हणाले, "योगराजभाऊ, महिनाअखेरीस धुळ्याहून इंजिनिअर साहेब येतील. ते सांगतील तसं. वाकडी म्हणाले तर पुढचं काम दुसऱ्या मिस्तरीला."

त्या संध्याकाळी आबा जेवले नाहीत. स्वतःचा हात उलटासुलटा करून बघत होते. मला ते पाहवलं नाही, म्हणून मी विज्ञान सुरू केलं.

"लोहचुंबक," मी पुढच्या रविवारी हिनाला सांगितलं. "खाली काळा पाषाण आहे. त्यात लोखंड असतं. शेजारी रेल्वेचे रूळ. काहीतरी आबांचा लोखंडी ओळंबा ओढतंय. लोखंड काढून टाकलं की संपलं."

"मग काय बांधायचं?"

"बाकी सगळं."

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा रविवार असेल. दोरीला आम्ही पितळी गडवा, म्हणजे छोटा तांब्या, बांधला. दगड बांधला. बटाटा बांधला. हिनाने तिच्या डब्यातलं केळं बांधलं, आणि मजूर काम सोडून बघायला आले, कारण केळ्याने भिंत मोजणारी माणसं त्यांनी पाहिली नव्हती. दादीसा माळ विसरून हसत होत्या. "केळं काय म्हणतं गं मयुरी?"

केळं तेच म्हणत होतं. गडवा, दगड, बटाटा, केळं, सगळ्यांची दोरी भिंतीला चिकटून. सगळ्या दोऱ्या भिंतीइतक्याच तिरक्या, सारखीच चार बोटं.

मी रेतीवर उभी राहून भाषणच ठोकलं. लोहचुंबक निवड करतं. त्याला लोखंड आवडतं, केळं आवडत नाही. त्याला दोन टोकं असतात, ते ओढतं तसं ढकलतंही. गुरुत्वाकर्षण निवड करत नाही. राजा असो, बटाटा असो, सगळ्यांना सारखंच ओढतं आणि कधीच कुणाला ढकलत नाही. म्हणजे हे लोहचुंबक नाही. इथे 'खाली' हीच दिशा जरा सरकली आहे.

"म्हणजे मागच्या रविवारी सपाट रस्त्यावर माझी सायकल आपोआप पळत होती ती उगाच नव्हे," हिना म्हणाली.

आम्ही सायकल आणली. सपाट रस्ता, पायडल न मारता ती पूर्वेला चालू लागली, आधी हळू, मग जोरात. आम्ही डबलसीट ओरडत गेलो. परत येताना मात्र घाम निघाला.

रस्त्यावर एका ठिकाणी ओढ तुटली. एका पावलात. तिथून पुढे सायकल साधी सायकल होती. मी ओळंबा धरला. गावाबाहेरच्या पाण्याच्या टाकीचे खांब दिसत होते, दोरी त्यांना समांतर. एक पाऊल मागे आले, दोरी तिरकी. एक पाऊल पुढे, सरळ.

मी खडूने खूण केली. मग चारी बाजूंनी फिरत अशा आठ खुणा केल्या. त्या एका वर्तुळावर होत्या. वर्तुळाचा मध्य काढायला दोन जीवा आणि त्यांचे लंबदुभाजक लागतात, हे भूमितीच्या पुस्तकात आहे आणि आयुष्यात कधी उपयोगी पडेल असं मला वाटलं नव्हतं. आबांची दोरी आणि गुण्या घेऊन आम्ही ते जमिनीवर फक्कीने आखले. मध्य आला गोडाऊनच्या अंगणात, रेतीच्या ढिगापासून सहा पावलांवर. तिथे काही नव्हतं. मोकळी, सपाट माती. कडेपासून मध्यापर्यंत एकशेवीस पावलं.

"मागच्या रविवारी किती असेल?" हिनाने विचारलं.

ते सोपं होतं. मागच्या रविवारी तिच्या सायकलची ओढ कुठे तुटली ते तिला आठवत होतं, रस्त्यावरच्या पानटपरीच्या कोपऱ्यावर. साठ पावलं.

त्यापुढच्या रविवारी दोनशे चाळीस.

मी विज्ञानाच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, गुरुत्वाकर्षण असं तिरकं करायला शेजारी मोठा डोंगर लागेल, आणि त्याला अशी कड कधीच नसते. ते लांब जाता जाता कमी होतं पण शून्य होत नाही. मग म्हणाले, नीट मोजलं नसेल. मी नीट मोजलं होतं.

"कधी सुरू झालं ते काढू," मी हिनाला म्हणाले. "विश्व प्रसरण पावतंय, म्हणजे उलटं चालवलं की एका ठिकाणी येतं, एक हजार तीनशे ऐंशी कोटी वर्षांपूर्वी. शास्त्रज्ञांनी असंच शोधलं. आपणही उलटं चालवू."

दर आठवड्याला दुप्पट. उलटं म्हणजे दर आठवड्याला निम्मं. हिना मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोनने भागत बसली. साठ, तीस, पंधरा. साडेसात. गणपतीत एक पाऊल सुद्धा नव्हतं. आषाढात मोहरीएवढं. मग नुसती शून्यं आणि शेवटी एक आकडा, मग आणखी शून्यं आणि आणखी एक आकडा.

"शून्य येतच नाही गं," हिना म्हणाली.

"येणार पण नाही." दादीसांनी माळेचा एक मणी पुढे सरकवला. "तुम्ही शाळेत शिकता, कधीतरी सुरू झालं. आमच्या जैन धर्मात तसं नसतं. कुणी बनवलं नाही, कधी सुरू झालं नाही. अनादि. होतंच. फक्त तुम्हाला दिसायला आत्ता लागलं."

त्या हे इतक्या सहज म्हणाल्या की आम्ही हसलो. त्याही हसल्या.

मग मी मध्यावर जाऊन ओळंबा सोडला. हे मी आधीच करायला हवं होतं, पण सायकलच्या नादात राहून गेलं.

मी त्याला मुद्दाम झोका दिला, दोन बोटांएवढा.

तो थांबला.

हळूहळू नाही. डोलता डोलता मध्येच, एकदम. मी पुन्हा झोका दिला. पुन्हा थांबला. चौथ्यांदा मी वजनाकडे बघत राहिले. थांबण्याआधी ते किंचित मागे हलत होतं, आबांचं बोट लागल्यावर हलतं तसं.

"आबा," मी हाक मारली.

आबा आले. त्यांनी स्वतः ओळंबा धरला, सोडला, पाहिला. पुन्हा सोडला. मग दोरी गुंडाळत म्हणाले, "हात सवयीचा शे."

"कुणाचा?"

आबा ओळंबा पिशवीत ठेवून थापीकडे वळले. पण त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. जेवताना म्हणाले, माझा ओळंबा खोटा नव्हता एवढं कळलं, मला पुरे.

चौथ्या रविवारी इंजिनिअर साहेब आले. मी सगळी तयारी केली होती. वही, आठवड्यांचा आलेख, केळं. साहेब उतरले, गॉगल काढला, आपला पितळी ओळंबा लावला. भिंत तंतोतंत. पातळी बघायची पाण्याची नळी लावली, तीही जुळली. त्यांनी भिंतीवर दोनदा हात फिरवला आणि शेठकडे वळून म्हणाले, "कोण म्हणतं वाकडी? अशी भिंत मी धुळ्यात पाहिली नाही."

मी उडी मारणार होते. पण आबा पुढे झाले.

"साहेब," ते म्हणाले, "एकदा फलाटावरून बघा. मग सही करा."

मला आबांचा इतका राग आणि इतका अभिमान एकाच वेळी कधी आला नव्हता. आम्ही सगळे फलाटावर गेलो. फलाट मध्यापासून चारशे पावलं. त्या सकाळी कड मी मोजली नव्हती, पण गणित पाठ होतं. चारशेऐंशी, म्हणजे फलाट आता आत.

साहेबांनी हातात ओळंबा धरून भिंतीकडे पाहिलं.

"सरळ," ते म्हणाले.

चहावाल्याने पाहिलं. "आता सरळ दिसते बुवा. महिनाभर मला काय झालं होतं."

भिंत हलली नव्हती. मी मान वळवून पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. टाकी पूर्वेला झुकली होती, वरच्या टोकाला चार बोटं, आणि फलाटावरच्या एकाही माणसाला ती बघायची गरज वाटत नव्हती.

आबा माझ्याकडे बघत होते. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. मी वही उघडली. तोंडही उघडलं. मग दोन्ही मिटली. या वर्षात पहिल्यांदाच.

साहेबांनी सही केली. शेठने आबांना सगळ्यांसमोर मिठी मारली आणि पुढची दोन गोडाऊनं तुमचीच म्हणाले. पेढे आले. आबा हसले तेव्हा मला कळलं की त्यांना एक सोन्याचा दात आहे; इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

मग शेठ म्हणाले, फोटो काढू, सगळे भिंतीसमोर या. आम्ही अंगणात उभे राहिलो, मध्याच्या फक्कीच्या खुणेपाशीच. आबा, मी, दादीसा, हिना, साहेब. शेठने मोबाइल धरला, दोनदा 'हसा' म्हणाले, पण सांगायची गरज नव्हती.

तो फोटो माझ्यासमोर आहे. आम्ही सगळे किती खूश दिसतो. भिंत सरळ आहे, आम्हीही सरळ आहोत, आणि मागे दूर टाकी तिरकी आहे. माझ्या आणि आबांच्या मध्ये एका माणसाएवढी जागा रिकामी सुटली आहे. 'सरकून घ्या' असं शेठही म्हणाले नाहीत, आणि आमच्याही लक्षात आलं नाही.

माझा डावा हात त्या जागेत आहे. खांद्याच्या उंचीवर, कोपरात वाकलेला, बोटं सैल, मैत्रिणीच्या गळ्यात टाकावा तसा. शेठ बराच वेळ फोटो काढत होते, आणि मला नीट आठवतंय, तो हात जराही अवघडला नव्हता.