जवाची बादली

बस, सांगतो. दिवसाउजेडी घडलंय, तरी हसू नकोस.

ॲडलेडच्या उत्तरेला आमचं संशोधन केंद्र. तिथे मेंढ्यांना भूल देऊन डोक्याला मोजका मार देतात, आणि पुढे त्यांना अल्झायमर जडतो का ते बघतात. त्यासाठी शेडमध्ये गोणपाटाच्या उंच आडोशांचा भुलभुलैया मीच उभारला होता. मेंढीला वाट सापडलीच नाही, की डॉक्टर नेरिडा दारात जवाची बादली खुळखुळवायची. आवाजामागे मेंढी बाहेर यायची. बादली वाजली म्हणजे ती मेंढी नापास, तिचा विषय संपला.

त्या दुपारी भुलभुलैयातला दिवा बदलायचा होता. गरम वाऱ्याने पत्रे कडकडत होते.

"डॅरिल, तुझंही डोकं तपासू या का?" नेरिडा हसली. "फुटबॉलात किती आपटून घेतलंस!"

"आहे कुठे डोकं, डॉक्टरीणबाई?"

ती गाडीकडे गेली. हल्ली बायकोचं नावसुद्धा मला चटकन आठवत नव्हतं. भीतीने मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

दिवा लावून परत निघालो. डावीकडे वळलो, समोर गोणपाट. उजवीकडे गेलो, तरी गोणपाट. तारेच्या गाठी माझ्याच हातच्या होत्या, वाट मात्र ओळखीची नव्हती. लोकरीचा चिकट वास घशात बसला. खिशात चाकू होता, गोणपाट फाडून सरळ निघता आलं असतं. ते मला सुचलंच नाही.

"नेरिडा… वाट कुठंय गं?"

ती जिथून मेंढ्यांवर नजर ठेवते, गोणपाटातल्या त्या फटीत मेंढ्यांचे डोळे होते, आडव्या बाहुल्यांचे. एकेक करून मेंढ्या येत होत्या, माझ्याकडे बघून बाजूला होत होत्या.

मग बादली खुळखुळली.

मला रडू फुटलं. पाय आपोआप आवाजामागे वळत गेले, आणि मी उन्हात आलो.

नेरिडा गाडीपाशीच होती. धावत आली. "अरे, पांढराफटक पडलायस! काय झालं?"

"तू बादली वाजवलीस… म्हणून सुटलो."

"मी? बादली तर गाडीत आहे. अजून काढलीसुद्धा नाही." तिने माझा दंड धरला. "खाली बस बघू. बायकोला बोलावते. नाव काय तिचं?"

नाव सांगायला मी तोंड उघडलं. चघळलेले ओले जव हनुवटीवरून मातीत पडले.