खांद्यावरचा हात

कुणाला ‘इथेच थांब, सांगेपर्यंत हलू नकोस’ असं म्हणून तुम्ही कधी निघून गेलायत का रे? हसू नका. आधी नीट आठवा, मग हसा. आणि तू, दाराशी बसलेला, जरा आत सरक.

माझ्या ओळखीचा एक फोटोग्राफर आहे. अजून धडधाकट आहे, म्हणून तर हे मला त्याच्याच तोंडून कळलं. त्याचं काम जरा वेगळं. माणसाला स्टुडिओत पडद्यापुढे बसवायचं नाही. तो जिथे राबतो तिथेच, त्याच्या सगळ्या पसाऱ्यासकट फोटो काढायचा. डोंगरातल्या एका बौद्ध विहारात त्याने असे फोटो काढले होते. भट्टीशी आचारी भिक्खू, पोथ्यांच्या कपाटाशी पोथ्या सांभाळणारे, आणि दिव्यांच्या खोलीत एक म्हातारे भंते. दिवे घासायचे, वाती वळायच्या, तेल भरायचं, ह्यातच त्यांचा जन्म गेलेला.

त्या भंतेंचा फोटो त्याच्या हातून आजवर निघालेला सगळ्यात चांगला फोटो ठरला. प्रदर्शनात लोक त्याच्यापुढे येऊन उभे राहायचे आणि गप्प व्हायचे. म्हणून वर्षभराने, जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी, मोठी प्रत चौकटीत बसवून तो विहाराकडे निघाला. भंतेंच्या हातात द्यायची, दोन शब्द बोलायचे, सकाळी परत. एवढंच काम.

बायको म्हणाली, “माझ्या भावाला न्या की सोबत. मागच्या वेळी होता.”

मेहुण्याने तेवढ्यात कमरेवर हात ठेवला. “दाजी, कंबर धरलीय हो.”

“पिशव्या उचलायच्या म्हटलं की तुझी कंबर बरोबर मुहूर्त साधते,” फोटोग्राफर म्हणाला, आणि दोघंही हसले. आईबापाविना राहिलेला पोर. बहिणीच्या लग्नापासून ह्यांच्याच घरी वाढला. ह्यानेच त्याच्या हातात पहिला कॅमेरा दिला. पोटच्या पोरासारखं केलं त्याचं.

पोचला तेव्हा अंधार पडत होता. अमावास्येची रात्र, अंगणात बर्फ साचलेला. आचारी भिक्खूने दार उघडलं, फोटोच्या चौकटीवरचा कागद सोडला आणि ती भिंतीला टेकवून ठेवली.

“भंतेंना बोलावता?” फोटोग्राफर म्हणाला.

“तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. मागे रस्ता बंद होता, आणि मग... भंते गेले. तुम्ही फोटो काढलात त्याच रात्री. पहाटे मी दिवे आणायला गेलो, तर बसलेले. ध्यानातच गेले. आम्हाला समाधान वाटलं हो, असं जाणं कुणाला मिळतं?”

“कसे बसले होते?”

“खिडकीपाशी. खिडकी सताड उघडी, अंगावर बर्फ. उजवा हात असा वातीपर्यंत नेलेला, मान जराशी डावीकडे...”

फोटोग्राफरने चौकटीतल्या फोटोकडे पाहिलं. असं ध्यान कुणी करत नाही. ती बैठक त्याने स्वतः लावून दिली होती.

झालं होतं असं. त्याला अंगणापलीकडून फोटो हवा होता: सगळा काळोख, त्यात उजेडाची एकच खिडकी आणि आत भंते. काचेवर चमक येते म्हणून खिडकी उघडायला लावली. उजेड कमी, त्यामुळे एकेका फोटोला वेळ लागणार, माणूस हलला की चेहरा पुसट. आणि संध्याकाळच्या घंटेनंतर विहारात पहाटेपर्यंत मौन. अंगणातून हाक मारायची सोय नाही. म्हणून ठरलं, की काम झाल्यावर मेहुण्याने आत जायचं आणि भंतेंच्या खांद्यावर हात ठेवायचा. म्हणजे झालं, उठा.

“हा पोर येईपर्यंत मला दगड समजा,” भंते म्हणाले होते. “शब्द दिला.”

फोटो झाले. बर्फ भुरभुरू लागला. ह्याने मेहुण्याला आत पाठवलं आणि स्वतः सामान गाडीत भरलं. निघताना विचारलंही, “हात ठेवलास ना खांद्यावर?”

“हो दाजी. हसले गोड.”

आता वर्षभराने, संध्याकाळची घंटा व्हायच्या आत, पाहुण्यांच्या खोलीतून त्याने मेहुण्याला फोन लावला. इकडचं तिकडचं काही नाही.

“तू आत गेला होतास?”

“दाजी, थंडी केवढी होती... निम्म्या अंगणातून परत फिरलो. म्हटलं, कंटाळला की उठेल म्हातारा आपणहून.”

“ते उठले नाहीत.”

फोटोग्राफर थांबला नाही.

“आणि प्रदर्शनात येईल त्याला सांगायचास, भंते कसे हसले ते. माझ्या शेजारी उभा राहून सांगायचास.”

“तुम्ही परत कधी विचारलंच नाहीत, दाजी.”

फोन ह्याने ठेवला की त्याने, ते ह्याला आठवत नाही. पोरांनो, परका फसवतो तेव्हा माणूस शिव्या तरी देतो. इथे कुणाला देणार?

साडेअकरा झाले असतील. झोप नव्हतीच. सहज बाहेर पाहिलं.

अंगणापलीकडे उजेड होता. एकच खिडकी. सताड उघडी.

तो गेला. अनवाणीच. दार लोटलं.

भंते बसले होते. उजवा हात वातीशी. मान डावीकडे. भुवयांवर बर्फ.

मौन मोडायचं नाही, एवढं ह्याला त्या स्थितीतही कळत होतं. पुढे झाला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. झालं, भंते. उठा.

हात गार पडला. भंते हलले नाहीत.

पुन्हा ठेवला. ह्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

भंतेंनी फक्त डोळे फिरवले. ह्याच्याकडे नाही. ह्याच्यामागे. दाराकडे.

शब्द त्या पोराच्या नावचा होता...

मग अंगणात बर्फ वाजला. करकर... थांबलं. निम्म्या अंगणात थांबलं. बराच वेळ...

परत करकर.

दाराशी.

आत.

ह्याच्या शेजारून गार वारा गेला. माणूस नाही. सावली नाही. भंतेंच्या खांद्यावरचं चीवर मात्र दबलं. पाच बोटांएवढं.

भंतेंनी श्वास सोडला. एवढा लांब श्वास...

आणि वात विझली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला. तिचा भाऊ घरात, आपल्या अंथरुणात, दाराला आतून कडी लावून झोपला होता, आणि उठला तेव्हा त्याचा उजवा तळवा बर्फाने जळाल्यासारखा काळानिळा पडला होता.