काळ्यात सगळं लपतं

जेवणं आटोपली होती. ओट्यावर मधुकरनानांनी पाय पसरले आणि नातवंडांकडे वळून म्हणाले, "पल्लवी, हसायचं तर आत्ताच हसून घे. समाधान आपला लोधीपुऱ्यातला माणूस. त्यानं मला देवापुढं बसून सांगितलं, तेच सांगतो.

बहादरपूरच्या रस्त्याला एका शेठचं शेड होतं. तिथं मोटारसायकलच्या मुठी बनायच्या. त्यासाठी रबरासारखा मऊ प्लास्टिकचा दाणा येतो, टीपीई म्हणतात त्याला. समाधान तो दाणा तयार करायचा. आधी गरम हवेत दोन तास सुकवायचा, कारण ओल राहिली की मुठींवर फोड येतात. मग शंभर किलोला दोन किलो काळ्या रंगाचा दाणा घोळायचा. उरलेसुरले तुकडे दळून परत वापरायचे.

दळायला सुपडू होता. मऊ माल पात्याला चिकटतो, म्हणून बिचारा हातानं ढकलत होता. दोन बोटं गेली. जखम सडली, तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला. बोटं काही सापडली नाहीत."

"म्हणजे दळलेल्या पोत्यात..." हर्षलनं तोंड वाकडं केलं. "नाना, खिचडी वर येईल माझी!"

"समाधानही हेच बोलला. तर शेठ म्हणतो, 'अरे भाई, दो उंगली के वास्ते पूरा बोरा फेकू का? काळा टाक. काळ्यात सगळं लपतं.' समाधानला दोन पोरी. गप्प बसला.

ती पौष वद्य अष्टमी, रविवार. दुसऱ्या दिवशी सुपडूचा दहावा. रात्री साडेनऊला समाधान एकटाच शेडवर गेला. सकाळच्या पाळीचा माल तयार ठेवायचा होता. ते पोतं सुकवायला लावलं. तासाभरानं झाकण उघडलं, तर वास आला. मटणाचं भांडं चार दिवस तसंच ठेवावं, तसा. त्यानं नाकाला रुमाल बांधला. काळा रंग घोळला. मशीन चालू केलं.

पहिला माल नेहमी वाया जातो. मशीनच्या तोंडातून लोंदा पडतो, खाली पत्र्यावर. तो पडला.

काळा नव्हता. गव्हाळ होता.

त्यानं आणखी काळा टाकला. तरी गव्हाळच. लोंद्याच्या अंगावर फोड. एक फुटला... पिवळं पाणी. आत बारीक केस.

मशीन बंद केलं. लोंदा थंड होईना. बोटानं दाबून पाहिला. मऊ...

आणि लोंद्यानं उलट दाबलं."

पल्लवीनं आपले हात ओढणीत घेतले.

"मग?"

"मग काय. ओकला पोटभर. ओकून झाल्यावर म्हणाला, 'सुपडूभाऊ, चुकलो.' तो लोंदा स्वच्छ धोतरात बांधला आणि सकाळी तापीच्या घाटावर गेला.

तिथं पिंड ठेवून दोन तास झाले होते. कावळे समोर झाडावर. एकही खाली येईना. 'वहिनीला सांभाळतो' म्हणून सुपडूच्या भावानं कबूल केलं, त्याच्या बायकोनं, आशाबाईनं, सोळा सोमवार बोलून पाहिले. काही नाही. समाधान तिच्या पायाशी बसला. 'वहिनी, पाप माझं आहे. भाऊ पुरा जळलाच नाही.' आणि धोतर सोडून लोंदा पिंडाशेजारी ठेवला.

कावळा उतरला. आधी लोंद्याला चोच मारली. मग पिंडाला.

आशाबाईनं हात जोडले. 'सुटले,' म्हणाली. किती दिवसांनी त्या बाईच्या तोंडावर उजेड आला.

लोंद्याला अग्नी द्यायचं ठरलं. लाकडं आणायला तास गेला. समाधान लोंदा उचलायला वाकला..."

नाना घोटभर पाणी प्यायले.

"चोच लागली होती तिथं खपली धरली होती."